भाज्यांचे सूप दूध घातल्यावर का फुटते? हलके आणि दाट सूप हमखास जमण्यासाठी

घरी केलेल्या भाज्यांच्या सुपात दूध घातल्यावर थोड्याच वेळात ते फुटते, वर पिवळट पाणी सुटते आणि तळाशी पांढरे बारीक कण बसतात, ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. गेल्या हिवाळ्यात ती आमच्याही स्वयंपाकघरात नित्याची झाली होती. सासऱ्यांच्या दातांचे काम चालू असल्यामुळे त्यांना जवळजवळ सहा आठवडे मऊ आणि पातळ आहारावर राहावे लागले, शिवाय लोणी आणि साय बेतानेच घेण्याचा डॉक्टरांचा सल्ला होता. त्यामुळे रात्रीच्या जेवणात वाडगाभर सूप ठरलेले असे आणि ते सासूबाई व मी आळीपाळीने करत असू. भाज्या त्याच, दूध तेच, पातेलेही तेच. तरी सासूबाईंचे सूप मखमलीसारखे उतरे आणि माझे चारपैकी तीन वेळा फुटे.

पहिला संशय अर्थातच दुधावर गेला. पिशवीचे दूध बदलून पाहिले, सकाळचे तापवलेले न वापरता ताजे तापवून पाहिले, पण फरक पडला नाही. दूध खरोखर शिळे असेल तर सूप फुटते हे मान्यच आहे, कारण दोन दिवस राहिलेल्या दुधात आंबटपणा हळूहळू वाढलेला असतो आणि तो थंड दुधात कळत नाही. मात्र त्याची परीक्षा सोपी आहे. अर्धी वाटी दूध वेगळे उकळून पाहावे. ते एकटेच नीट उकळले, तर दोष दुधात नाही असे समजून पुढे जावे.

दुसरा संशय टोमॅटोवर होता आणि तो बराचसा खरा ठरला. ताज्या दुधाचा सामू (म्हणजे पीएच, आंबटपणा मोजण्याचा आकडा; तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट) ६.६ च्या आसपास असतो. दुधातील केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात पाण्यात तरंगत असते आणि हे गोळे एकमेकांना दूर ढकलतात म्हणूनच दूध एकजीव दिसते. आंबटपणामुळे सामू ४.६ पर्यंत खाली आला की हे दूर ढकलणे थांबते, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. दूध गरम असेल, तर ४.६ पर्यंत पोहोचण्याच्या बऱ्याच आधी ते फाटू लागते. टोमॅटोचा स्वतःचा सामू बहुधा ४.३ ते ४.६ च्या दरम्यान असतो. गावठी टोमॅटो लांबट संकरित टोमॅटोपेक्षा अधिक आंबट लागतो, हे तर जिभेलाच कळते. त्यामुळे सुपात एकच टोमॅटो असला तरी तो कोणता आहे आणि भोवती पाणी किती आहे, यावर त्या दिवशीचे यश अवलंबून राहते. एकाच कृतीने सोमवारी जमलेले सूप मंगळवारी फुटते, त्याचे एक कारण हे आहे.

पण माझी अडचण एवढ्याने सुटली नाही. टोमॅटो पूर्ण वगळून, केवळ लाल भोपळा, गाजर आणि कांदा घेऊन केलेले सूपही फुटले, तेव्हा मी खरोखर चकित झाले, कारण या तिन्ही भाज्या आंबट नाहीत. त्या संध्याकाळी सासूबाई ओट्याशेजारी उभ्या होत्या. मी सूप उतरवता उतरवता त्यावर आले किसले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, आलं आता शेवटी कशाला किसतेस? कच्चं आलं आणि दूध एकत्र आलं की चहासुद्धा फाटतो. मी तर ते भाजीबरोबर कुकरमध्येच टाकते.”

त्यांचे म्हणणे मी दुसऱ्याच दिवशी पडताळून पाहिले. दूध न घातलेले तेच सूप दोन लहान पातेल्यांत अर्धी अर्धी वाटी घेतले, एका पातेल्यात पाव चमचा कच्च्या आल्याचा रस घातला आणि दोन्हींत सारखेच कोमट दूध घालून अगदी मंद आचेवर ठेवले. पहिले मिनिटभर दोन्ही सारखीच दिसत होती. मग आल्याच्या पातेल्यात कडेला बारीक रव्यासारखे कण दिसू लागले, चमचा फिरवल्यावर त्याच्या मागे पाण्याची रेघ उमटू लागली आणि पाहता पाहता सगळे सूप दाणेदार झाले. दुसरे पातेले शेवटपर्यंत गुळगुळीत राहिले.

याचे कारण असे, की कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. ते केसीनवर काम करते आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नेमक्या आपण सूप मंद आचेवर ठेवतो त्या तापमानाला, फार जोमाने काम करते. दक्षिण चीनमध्ये तर गरम दुधात आल्याचा रस घालून मुद्दाम दही लागल्यासारखा गोड पदार्थ करतात. आले चांगले उकळले की हे विकर निकामी होते. म्हणून चहात आले आधी पाण्याबरोबर खळखळून उकळून मगच दूध घालण्याची आपल्याकडची पद्धत योग्य आहे आणि सुपालाही तोच नियम लागू पडतो. आल्याचा स्वाद हवा असेल तर त्याचा तुकडा भाज्यांबरोबरच शिजवावा. ताज्या आल्याचा झणका हवाच असेल, तर त्या दिवशी दूध वगळावे. ते कसे साधता येते हे पुढे सांगितले आहे.

आंबटपणाने दूध फाटते, म्हणून सुपावर लिंबू पिळण्याची सवयही तपासून पाहावी. दुधाच्या सुपात लिंबू पातेल्यात कधीही पिळू नये. ज्याला हवे त्याने आपल्या वाडग्यात, आणि तेही चार थेंबच घ्यावे.

आपल्या कढीत दडलेले उत्तर

सूप फुटू नये याचा उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. ताक नुसते तापवले तर फुटते, पण त्याला डाळीचे पीठ लावून सतत ढवळत मंद आचेवर कढी केली तर ती फुटत नाही, हे प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. पिठातील पिष्टाचे (स्टार्चचे) कण गरम पाण्यात फुगतात, सगळे मिश्रण दाटसर होते आणि प्रथिनांचे कण एकत्र येऊन गोळा होण्यात अडथळा येतो. सुपात दूध घालण्यापूर्वी त्यात थोडे पिष्ट असणे याच कारणासाठी आवश्यक आहे. ते मुगाच्या डाळीचे असेल, तांदळाचे असेल किंवा कॉर्नफ्लोअरचे असेल, परंतु ते दुधाच्या आधी सुपात शिजलेले असले पाहिजे. दूध घालून झाल्यावर सूप पातळ वाटते म्हणून कॉर्नफ्लोअर लावणे आणि मग ते शिजावे म्हणून सूप उकळत ठेवणे हा क्रमच चुकीचा आहे, आणि माझ्या अनुभवात टोमॅटोखालोखाल सर्वाधिक सुपे याच चुकीने बिघडतात.

दूध घालताना आच पूर्ण बंद करावी आणि सूप दोन-तीन मिनिटे निवू द्यावे. फ्रिजमधले थंड दूध एकदम न ओतता ते कोमट करून घ्यावे. मग सूप दुधात घालावे. उलट करू नये. म्हणजे दुधाच्या भांड्यात आधी एक पळी सूप घालून ढवळावे, मग दुसरी पळी घालावी आणि नंतर ते सगळे मिश्रण पातेल्यात ओतावे. अशाने दुधाला उष्णता आणि आंबटपणा हळूहळू भेटतो. त्यानंतर सूप पुन्हा गरम करायचे झाले, तर वाफा दिसेपर्यंतच करावे, उकळी येऊ देऊ नये. नारळाचे दूध घातलेल्या टोमॅटोच्या सारालाही उकळी येऊ देत नाहीत. तिथे फुटण्याची घडण थोडी वेगळी असली, तरी हाताला लागणारी शिस्त तीच आहे.

टोमॅटोचेच दाट सूप हवे असेल तर काय करावे, असा प्रश्न येतो. बऱ्याच जणी त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोडा आम्लाला मारतो, त्यामुळे दूध फाटत नाही हे खरे आहे. परंतु प्रमाण जरासे चुकले तरी सुपाला साबणासारखी चव येते आणि टोमॅटोतील क जीवनसत्त्वाचाही नाश होतो. मला हा मार्ग पसंत नाही. त्याऐवजी टोमॅटोइतकेच गाजर किंवा लाल भोपळा त्यात घालून आंबटपणा विरळ करावा, किंवा दुधाऐवजी साय वापरावी. सायीत स्निग्धांश जास्त आणि केसीन त्या मानाने कमी असल्यामुळे ती दुधासारखी सहज फाटत नाही. मात्र २५ टक्के स्निग्धांशाची १०० मिलिलिटर साय चार वाडग्यांच्या सुपात घातली, तर प्रत्येक वाडग्यात ६ ग्रॅमहून थोडी अधिक चरबी जाते. त्याच सुपात ३ टक्के स्निग्धांशाचे १५० मिलिलिटर टोन्ड दूध घातले, तर वाडग्यामागे ती जेमतेम १ ग्रॅमच्या वर जाते. ज्यांना हलके सूप हवे आहे त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

दाटपणा मुळात भाजीतूनच यायला हवा

सूप दाट आणि मऊ लागते ते त्यात दूध आहे म्हणून, असा आपला समज असतो. जिभेला जो मऊपणा जाणवतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे येतो: भाजीचे कण किती बारीक झाले आहेत आणि ते ज्या पाण्यात आहेत ते पाणी किती दाट झाले आहे. हे दोन्ही साधले, तर दूध रंगापुरते आणि स्वादापुरतेच उरते आणि नाही घातले तरी चालते.

आमच्या घरी आता ठरून गेलेले प्रमाण असे आहे. चार माणसांसाठी सोललेला लाल भोपळा ४०० ग्रॅम, एक मध्यम गाजर, एक मध्यम कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, पिवळी मूग डाळ दोन मोठे चमचे, पाणी सुमारे ६०० मिलिलिटर आणि शेवटी दूध १५० मिलिलिटर. कांदा एक लहान चमचा लोण्यात, झाकण ठेवून, रंग न बदलू देता पूर्ण मऊ होईपर्यंत परतावा. ही पायरी उरकून टाकू नये, कारण सुपातला गोडवा इथेच तयार होतो आणि कचकच राहिलेला कांदा नंतर कितीही वाटला तरी दाताखाली येतो. मग बाकीचे सगळे घालून कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात. भोपळ्याची फोड पळीच्या पाठीने नुसती टेकवली तरी विरघळली पाहिजे. बोटाने दाबावी लागत असेल तर आणखी एक शिट्टी करावी. अर्धकच्ची भाजी मिक्सरमध्ये बारीक दिसते, पण ती खरी बारीक होत नाही.

डाळ घातल्यामुळे पिष्टही मिळते आणि थोडी प्रथिनेही मिळतात. टोमॅटो घालणार असाल, तर तो डाळीबरोबर न शिजवता वेगळा शिजवून मागाहून मिसळावा, कारण आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. आपण आमटीत चिंच आणि आमसूल डाळ शिजल्यावर घालतो ते याचसाठी. डाळ नको असेल तर एक मोठा चमचा तांदूळ चालतो. फुलकोबीचे चार तुरेही फार उपयोगी पडतात. त्यात पिष्ट फारसे नसते, पण नीट शिजवून वाटला की फुलकोबी आश्चर्य वाटावे इतका गुळगुळीत होतो आणि रंगही पांढरा राहतो. काजूने सूप सुंदर होते, आल्याचा किंवा लिंबाचा त्याला त्रास होत नाही, पण आठ-दहा काजूंत ५ ते ७ ग्रॅम चरबी असते, तेव्हा हलक्या सुपाच्या नावाखाली मूठभर काजू घालू नयेत.

बटाट्याबद्दल मात्र सावध राहावे. दाटपणासाठी दोन बटाटे घालून सगळे मिक्सरमधून वेगाने फिरवले, की सूप तार धरल्यासारखे, खळीसारखे चिकट होते. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी पात्यांनी फुटतात आणि त्यांतील सगळे पिष्ट बाहेर येते, म्हणून असे घडते. एकदा आलेला हा चिकटपणा घालवता येत नाही. पाणी वाढवले तर तो फक्त पातळ होतो. बटाटा घालायचाच असेल तर अर्धा घालावा आणि तो वेगळा कुस्करून, पुरणयंत्रातून काढून मिसळावा. ओट्सचेही थोडेफार असेच आहे. चमचाभर ओट्स चालतात, पण जास्त झाले की सूप बुळबुळीत लागते.

पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो तेव्हा

वाडग्यात वाढलेल्या सुपाच्या कडेने पाण्याचे कडे दिसते आणि मध्ये भाजीचा ढीग राहतो, हे फुटणे नव्हे. पाण्याला धरून ठेवणारे काही सुपात नसल्याची ही खूण आहे, आणि दुधीच्या व टोमॅटोच्या सुपात ती विशेष दिसते. दुधीत मुळातच पाणी फार असते, म्हणून तो शिजवताना भाजी जेमतेम बुडेल इतकेच पाणी घ्यावे आणि वाटल्यावर लागेल तसे वाढवावे. टोमॅटोची गोष्ट थोडी निराळी आहे. टोमॅटोत रसाला दाटपणा देणारे पेक्टिन असते आणि त्याच फळात त्या पेक्टिनचे तुकडे करणारी विकरेही असतात. कच्चे टोमॅटो आधी वाटले की ही विकरे मोकळी होऊन कामाला लागतात, रस पातळ पडतो आणि पाणी वेगळे होते. अख्खे टोमॅटो थेट उकळत्या पाण्यात टाकून शिजवले, की विकरे आधीच निकामी होतात आणि पेक्टिन शाबूत राहते. तेव्हा टोमॅटो आधी शिजवावेत आणि मगच वाटावेत. वाटल्यावर सूप फिकट गुलाबी आणि फेसाळ दिसले तर घाबरू नये. मिक्सरने त्यात हवा भरलेली असते आणि पाच मिनिटे उकळल्यावर मूळचा लाल रंग परत येतो.

वाटण्याविषयी एक कळकळीची सूचना करते. कुकरमधून काढलेली वाफाळती भाजी मिक्सरच्या भांड्यात भरून झाकण घट्ट लावू नये. पाती फिरताच वाफ एकदम सुटते, झाकण उडते आणि उकळते सूप हातावर व चेहऱ्यावर येते. भाजी परातीत पसरून कोमट होऊ द्यावी, पाणी आधीच गाळून बाजूला ठेवावे आणि भांडे निम्म्यापर्यंतच भरावे. आधी भाजी थोड्याच पाण्यात वाटावी आणि ती लोण्यासारखी झाल्यावरच उरलेले पाणी घालावे. सुरुवातीलाच सगळे पाणी घातले, तर फोडी पाण्यात नुसत्या गरगर फिरतात आणि कण राहतात. त्यानंतर सूप गाळायचे असेल, तर चहाच्या गाळणीने मनस्ताप होतो; पुरणयंत्राची बारीक छिद्रांची जाळी त्यासाठी उत्तम आहे.

कॉर्नफ्लोअरच्या गुठळ्या होतात त्या गरम सुपात कोरडे पीठ टाकल्यामुळे. चार वाडग्यांना दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर पाव वाटी थंड पाण्यात कालवून, पातळ धारेने, ढवळत घालावे आणि दोन मिनिटे उकळावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. हे पीठ निवल्यावर आणखी दाटते, म्हणून आचेवर असताना सूप हवे त्यापेक्षा किंचित पातळच ठेवावे. चमच्याची पाठ सुपात बुडवून त्यावर बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या कडा क्षणभर टिकल्या की दाटपणा पुरेसा झाला. पण चव पाहिलेला तोच चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये. स्वच्छतेचा प्रश्न तर आहेच, शिवाय लाळेतील विकर पिष्टाचे विघटन करते आणि दाट सूप काही वेळाने पातळ पडू लागते.

दुधीच्या सुपाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुधी चिरल्यावर त्याचा लहानसा तुकडा कच्चाच जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर तो दुधी पूर्णपणे टाकून द्यावा. कडूपणा आणणारी द्रव्ये विषारी असतात, शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत आणि त्यांनी गंभीर उलट्या व रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत. साखर, दूध किंवा लिंबू घालून हा कडूपणा झाकण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

पालक किंवा मटाराचे सूप काळपट पडत असेल, तर पालक उघड्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात दोनच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावा आणि सूप उतरवण्याच्या बेतात असताना वाटून घालावा. कोबी जास्त शिजवला की उग्र वास सुटतो. तो सुपात थोडाच घालावा आणि कमी शिजवावा.

एवढे सांभाळूनही सूप फुटलेच, तर ते टाकून देऊ नये. दूध ताजे असेल तर फुटलेले सूप खाण्यास अपायकारक नसते. आच बंद करून ते निवू द्यावे, त्यात दोन मोठे चमचे शिजलेली मूग डाळ किंवा मऊ भात घालून पुन्हा वाटावे आणि पुरणयंत्रातून गाळावे. मूळचा मऊपणा पूर्ण परत येत नाही, पण कण जिभेला टोचत नाहीत आणि पाणी सुटायचे थांबते. त्यात आणखी दूध घालून सुधारणा करायला जाऊ नये.

रोज सूप लागत असेल, तर दूध न घातलेले सूप दोन दिवसांपुरते करून ठेवावे. निवल्यावर ते फार वेळ ओट्यावर न ठेवता लगेच फ्रिजमध्ये टाकावे. वाढायच्या वेळी लागेल तेवढेच पातेल्यात काढून खळखळून उकळावे, आच बंद करावी, दोन मिनिटे थांबावे आणि मग वाडग्यामागे दोन-अडीच मोठे चमचे कोमट दूध वर सांगितलेल्या पद्धतीने मिसळावे.